पिलूं पाळावें कीं न पाळावें ?

नांदेड-लातूरकडील कित्येक घरांतून "आम्हांस टेरियरचें पिलूं आणून द्या" असा मुलांचा हट्ट ऐकूं येतो. तें गोजिरवाणें रूप पाहून कोणाचें मन विरघळणार नाहीं ? तथापि हट्ट पुरविण्यापूर्वीं मुलांनीं व वडील मंडळींनीं एक हिशेब करावा. नीट जोपासलेला टेरियर सामान्यतः १२ ते १५ वर्षें जगतो. दहा वर्षांच्या मुलानें आज आणलेलें पिलूं म्हातारें होईल, तेव्हां तो मुलगा कदाचित् शिक्षणासाठीं पुण्यास गेलेला असेल, आणि त्या मुक्या जिवाचें सर्व कांहीं आईवर पडेल. म्हणून एकट्या मुलाच्या आवडीनें नव्हे, तर सर्व घराच्या संमतीनेंच पिलूं आणावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पिलाचा जातिस्वभावहि आधीं जाणून घ्यावा. टेरियर हें नांव भूमिवाचक लॅटिन शब्दावरून आलें आहे. उंदीर, कोल्हे इत्यादि प्राण्यांस बिळांतून हुसकून काढण्यासाठीं ब्रिटनमध्यें ही जात तयार झाली. आपल्या लातूर जिल्ह्यांतील जानवळ गांव ज्यांसाठीं प्रसिद्ध आहे, तीं उंच, सडपातळ कारवानी व पश्मी कुत्रीं मोकळ्या रानांत सशामागें धांवणारीं. टेरियर माती उकरणारा. तेव्हां त्यानें तुळशीजवळची माती उकरली किंवा खुट्ट होतांच भुंकून घर डोक्यावर घेतलें, तर तो अपराध समजूं नये. काठीनें स्वभाव पालटत नाहीं. पिलूं भित्रें किंवा चावरें मात्र होतें. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळून झाल्यावर त्यास ठराविक जागीं न्यावें आणि तेथें विधि उरकतांच शाबासकी द्यावी. सवय लागते ती अशी.

आमच्याकडील उन्हाळा ही दुसरी कसोटी. वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जातो. कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच तें अंग थंड करतें. त्यास भर दुपारीं फिरविणें किंवा बंद मोटारींत ठेवणें म्हणजे त्याचा जीव धोक्यांत घालणें होय. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें पालकांस आठवत असेलच. जेथें पाणी घागरीनें मोजावें लागतें, तेथेंहि कुत्र्याची वाटी आधीं भरली पाहिजे. कारण त्यास मागतां येत नाहीं. हें ज्यांस अवघड वाटेल, त्यांनीं पिलूं न आणणें हेंच खरें भूतदयेचें कृत्य होय.

आतां आरोग्याविषयीं. आठ आठवडे पुरे न झालेलें पिलूं विकण्यास केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनीं बंदी आहे. म्हणून त्याहून लहान पिलूं कोणीं देऊं केलें तरी घेऊं नये. चॉकलेट, मनुका व कांदा हे पदार्थ त्यास विषासमान आहेत. तीन महिन्यांचें होतांच त्यास रेबीजची लस द्यावी व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती देत राहावी. १८८५ सालीं लुई पाश्चर यांच्या लशीमुळें जोसेफ माइस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा वांचला. परंतु या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं, म्हणजे आजहि रोगी सहसा वांचत नाहीं. पिलूं चावलें किंवा त्याचा दांत नुसता ओरखडला, तरी साबण व वाहत्या पाण्यानें जखम पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. मार बसेल या भीतीनें मुलें चावा लपवितात. यास्तव पिलूं घरीं येतांच पालकांनीं मुलांस अभय द्यावें. कित्येकदां प्राण वांचतो तो या एका अभयामुळें.

साताऱ्याजवळ संगम माहुली येथें शाहू छत्रपतींच्या खंड्या नामक कुत्र्याची समाधि आहे. तसा मान सर्वांच्या वांट्यास कोठून येणार ? तो नको, परंतु स्वच्छ पाण्याची वाटी, वेळेवर लस आणि म्हातारपणींहि घरांत हक्काचा कोपरा, एवढें जो देऊं शकेल त्यानें पिलूं अवश्य पाळावें. इतरांनीं शेजाऱ्याच्या पिलाचें कौतुक करावें. त्यांत कांहींच उणें नाहीं.