स्किल लॅब उभारली, पण सराव किती होतो? वैद्यकीय शिक्षणातील सिम्युलेशनचे मोजमाप

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने आयुष्यातील पहिले इंजेक्शन कोणाला द्यावे? बरीच वर्षे याचे उत्तर ठरलेले होते : सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डातील रुग्णाला. खासगी दवाखाना ज्याला परवडत नाही, त्यालाच शिकाऊ हाताची पहिली चूक सोसावी लागे. ही पद्धत बदलण्यासाठी सिम्युलेशनवर आधारित प्रशिक्षण अभ्यासक्रमात आले. रुग्णाला हात लावण्यापूर्वी विद्यार्थ्याने तेच काम पुतळ्यावर किंवा रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीवर करून पाहावे, एवढाच याचा अर्थ.

कल्पना जुनी, काशीशी जोडलेली

परंपरेनुसार सुश्रुतांनी शल्यविद्या काशिराज दिवोदास धन्वंतरी यांच्याकडून घेतली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय केवळ सरावाला वाहिलेला आहे. छेद घेण्याचा सराव दुधी, काकडी, कलिंगड यांवर. शिवण्याचा सराव जाड कापडावर आणि मऊ चामड्यावर. शीर वेधण्याचा सराव मृत जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. पट्ट्या बांधण्याचा सराव माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर करावा, असे तेथे सांगितले आहे. पुष्कळ वाचलेला, पण सराव न केलेला वैद्य प्रत्यक्ष कामास योग्य नाही, हे त्या अध्यायाचे म्हणणे आहे. याच वाराणसीत आज बनारस हिंदू विश्वविद्यालयाची आयुर्विज्ञान संस्था आणि सर सुंदरलाल रुग्णालय आहे.

नियम काय सांगतो?

२०१९ च्या तुकडीपासून देशभर क्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रम लागू झाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२० च्या नियमांत प्रत्येक महाविद्यालयाला स्किल लॅब आवश्यक केली. १५० पर्यंत प्रवेशक्षमता असेल तर किमान ६०० चौरस मीटर, २०० ते २५० असेल तर किमान ८०० चौरस मीटर जागा हवी. रुग्ण तपासणीच्या सरावासाठी किमान चार खोल्या, प्रात्यक्षिकाची खोली आणि सरावानंतर चर्चा करण्याची जागा हवी. सीपीआर, इंजेक्शन, टाके, लघवीची नळी घालणे, प्रसूती, नवजात बाळाचे पुनरुज्जीवन अशा कामांसाठी पुतळे हवेत.

जागा मोजता येते, पुतळे मोजता येतात. तपासणीच्या दिवशी दोन्ही दाखवताही येतात. पण अंमलबजावणी चांगली आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

एक साधा हिशेब

समजा, १५० विद्यार्थी आहेत आणि एका कौशल्यासाठी एकच पुतळा आहे. प्रत्येकाला तीन वेळा सराव आणि दर वेळी शिक्षकाच्या सूचनांसह दहा मिनिटे द्यायची, तर ४,५०० मिनिटे, म्हणजे ७५ तास लागतात. हे एकाच कौशल्याचे झाले. पाच पुतळे आणि पाच शिक्षक असतील, तर हेच काम १५ तासांत होते. त्यामुळे खरा प्रश्न चौरस मीटरचा नसून वेळापत्रकाचा आणि शिकवणाऱ्या माणसांचा आहे. शिक्षक कमी असतील, तर एकजण करून दाखवतो आणि बाकीचे भोवती उभे राहून पाहतात. नोंद मात्र सगळ्यांच्या नावावर होते.

मोजायचे कसे?

प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार पायऱ्यांनी करण्याची पद्धत अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडली. शिकणाऱ्याला प्रशिक्षण कसे वाटले, तो काय शिकला, कामावर त्याचे वागणे बदलले का, आणि शेवटी परिणाम काय झाला, या त्या पायऱ्या. विद्यार्थ्यांकडून अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतला की पहिली पायरी होते. रुग्णाच्या दृष्टीने तिसरी आणि चौथी महत्त्वाची आहे.

यासाठी नवे पोर्टल लागत नाही. अभ्यासक्रमातील लॉगबुकमध्येच सोय आहे. प्रयत्न पहिला आहे की पुन्हा केलेला, कामगिरी अपेक्षेइतकी आहे की कमी, आणि निर्णय ‘पूर्ण’ की ‘पुन्हा करा’, हे रकाने त्यात आहेत. हाताने करायचे काम सगळ्यांना पहिल्याच वेळी जमत नाही. म्हणून ज्या महाविद्यालयाच्या लॉगबुकांत ‘पुन्हा करा’ कुठेच दिसत नाही, तेथे सगळे हुशार आहेत असे समजण्यापेक्षा सराव तपासलाच गेला नाही, अशी शंका घेणे रास्त ठरते. तपासणी पथकांनी लॅबची लांबी-रुंदी पाहण्याबरोबर हा रकानाही पाहिला, तर चित्र बरेच स्पष्ट होईल.

पुतळा बोलत नाही

सुईचा सराव पुतळ्यावर होतो, संवादाचा होत नाही. सर सुंदरलाल रुग्णालयात भोजपुरी बोलणारे रुग्ण मोठ्या संख्येने येतात, तर विद्यार्थी देशाच्या वेगवेगळ्या राज्यांतून. महाराष्ट्रातही ९ ऑक्टोबर २०२४ रोजी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत गडचिरोली, वाशीम आणि हिंगोली आहेत. गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारी आई बाळाचा त्रास कसा सांगते, हे पाठ्यपुस्तकात सापडत नाही. रुग्णाची भूमिका करणारी प्रशिक्षित व्यक्ती १९६३ मध्ये हॉवर्ड बॅरोज यांनी अमेरिकेत प्रथम वापरली. आपल्याकडे अशी व्यक्ती स्थानिक बोलीत बोलणारी हवी. एमबीबीएसच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेला वेळ दिलेला आहे. तो वेळ स्किल लॅबशी जोडला, तर महागडे यंत्र न घेताही प्रशिक्षण सुधारेल.

विद्यार्थी आणि पालकांनी काय विचारावे?

• स्किल लॅब वेळापत्रकात आठवड्यातून किती तास आहे?
• एका पुतळ्यामागे आणि एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतात?
• सरावानंतर चुका सांगितल्या जातात का? पुन्हा संधी मिळते का?
• रुग्णावर काम करू देण्यापूर्वी ते कौशल्य तपासले जाते का?
• तासांनंतर स्वतः सराव करण्यासाठी लॅब उघडी असते का?

प्रवेशापूर्वी शुल्क आणि वसतिगृहाची चौकशी आपण करतोच. त्याच यादीत हे पाच प्रश्न घाला. उत्तरे ठाम मिळाली, तर लॅब वापरात आहे असे समजायला हरकत नाही. उत्तराऐवजी फक्त पुतळ्यांची किंमत सांगितली गेली, तर पहिला सराव अजूनही वॉर्डातच होत असण्याची शक्यता आहे.