फार्महाउसची हिरवळ आणि वाडीचे पाणी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला आणि कर्जत-खालापूरचा डोंगरपट्टा महानगराच्या अगदी हाताशी आला. रेल्वे एकोणिसाव्या शतकापासून होतीच. परंतु रेल्वेने या भागातील गवत, लाकूड आणि मजूर मुंबईस नेले, तर मोटाररस्त्याने मुंबईचा खरेदीदार इथे आणला. भातखाचरांच्या वरच्या अंगाची वरकस जमीन एकराएकराने विकली गेली, तिला तारेचे कुंपण पडले, आत घर उभे राहिले. आता त्या घराभोवतीच्या भूमीला रूप देण्यासाठी व्यावसायिक उद्यानरचनाकार, म्हणजे शहरी बोलीतला लँडस्केप डिझायनर, नेमण्याची रीत पडली आहे. आपल्या अंगणात कोणी कोणते झाड लावावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. त्यात समाजवादी पक्षाच्या साप्ताहिकाने नाक कशाला खुपसावे, असे कोणी विचारील. अंगण खाजगी असते हे खरे. परंतु अंगणात येणारे पाणी, अंगणातून जाणारी वाट आणि अंगण झाडणारा हात या तीन गोष्टी खाजगी नसतात. प्रश्न तेथून सुरू होतो.

प्रथम त्या व्यवसायाला न्याय दिला पाहिजे. चांगला उद्यानरचनाकार केवळ कुंड्या मांडणारा नसतो. जमिनीचा उतार कोणत्या दिशेस आहे, माती किती खोल आहे, पावसाचे पाणी कोठे साचते आणि कोठून धावते, ऊन कोणत्या ऋतूत कोठे पडते, हे पाहून तो आराखडा करतो. कर्जतसारख्या, वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या मुलुखात हे ज्ञान मोलाचे आहे. उताराला आडवे बांध, दगडी ताली, पाणी मुरविण्याचे चर हे सारे शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या केले, तेच हा व्यावसायिक शास्त्रीय परिभाषेत करतो. तेव्हा दोष विद्येचा नाही. दोष आहे तो विद्येला कामावर ठेवणाऱ्याच्या मागणीत, आणि त्या मागणीपुढे आराखड्यातून काय गाळले जाते यात.

ज्या जमिनीवर ही उद्याने होतात ती रिकामी जमीन कधीच नव्हती. कोकणात वरकस म्हणजे नाचणी-वरीची, गुरांच्या चाऱ्याची आणि राबासाठी लागणाऱ्या पालापाचोळ्याची जमीन. खाली भाताचे रोप तयार व्हावयाचे तर वरच्या वरकसावरून राब आला पाहिजे. ज्या कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून ‘कर्जत-१८४’, ‘कर्जत-३’ असे वाण निघून कोकणातील शेतकऱ्याच्या खाचरात पोहोचले, त्या कर्जतमध्ये भातशेतीचा हा वरचा आधार आज कुंपणाआड जात आहे. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ किंवा ‘गवत’ अशी एका शब्दाची नोंद असलेल्या जागेवर किती घरांचा संसार टेकलेला होता, हे कागदावर दिसत नाही. आराखड्यावर तर नाहीच.

कायद्याने याचा विचार केला नव्हता असे नाही. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ ने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकण्यास बंदी केली. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६-अ ने निर्बंध आणला. त्याच संहितेत शेतघराची व्याख्या आहे: अवजारे, धान्य वा चारा ठेवण्यासाठी, गुरांच्या निवाऱ्यासाठी, शेतमालकाच्या कुटुंबाच्या किंवा गड्यांच्या राहण्यासाठी, म्हणजे त्या जमिनीच्या शेतीच्या गरजेसाठी, बांधलेली इमारत. या व्याख्येत पोहण्याचा तलाव आणि दहा गुंठ्यांची हिरवळ कोठे बसते, हे शोधणे कठीण आहे. रीतसर बिनशेती परवानगी घेऊन बांधलेली घरे आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. परंतु शेतघराच्या नावाखाली उभी राहिलेली विलासगृहेही आहेत आणि ती तालुक्यातील प्रत्येक कार्यकर्त्यास ठाऊक आहेत.

पाण्याचा हिशेब साधा आहे. तो करण्यास तज्ज्ञ लागत नाही. एप्रिल महिन्यात हिरवळ हिरवी ठेवावयाची तर दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे चौरस मीटरला ५ लिटर. दहा गुंठे म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर. म्हणजे एका फार्महाउसच्या एका हिरवळीला दररोज ५,००० लिटर पाणी हवे. जल जीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी दररोज ५५ लिटरचे प्रमाण ठरविले आहे. या प्रमाणाने ते पाणी ९० माणसांना पुरते. ९० माणसे म्हणजे ठाकरांची किंवा कातकऱ्यांची एक लहानशी वाडी. जी वाडी मार्च सरताच टँकरची वाट पाहते, डवऱ्यातले पाणी वाटीने भरते, त्या वाडीच्या खालच्या अंगाला खोल कूपनलिकेवर पंप चालतो आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या चार माणसांसाठी आठवडाभर गवत भिजते. पाणी त्याच खडकाच्या भेगांतून येते. ज्याची नळी खोल त्याचे पाणी.

या तालुक्यांच्या पाण्याची गोष्टच मुळी विषम वाटपाची आहे. खोपोलीचे वीजगृह १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे. सह्याद्रीपलीकडचे पाणी अडवून ते घाटाखाली सोडले गेले आणि त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. खालापुरात धावरी नदीवर मोरबे धरण झाले, ते आज नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे आहे. भिवपुरीच्या वीजगृहातून पेज नदीत येणाऱ्या पाण्यावर राजनाला कालव्याखालचे काही शेतकरी उन्हाळी भात काढतात, एवढाच काय तो स्थानिकांचा लाभ. डोंगरावरील वाडीला यातील थेंब नाही. महानगराला वीज दिली, पाणी दिले. आता उरले ते भूजल, तेही हिरवळीला द्यावयाचे काय?

इथे कायदा निव्वळ दुबळा नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर १९९३ सालीच राज्याच्या कायद्याने निर्बंध घातला होता. त्याची जागा घेणारा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आला आणि त्यानेही पिण्याच्या पाण्याचा हक्क वरचा मानला. परंतु वाडीची विहीर सार्वजनिक स्रोत म्हणून कागदावर नोंदलेलीच नसेल, तर ५०० मीटर मोजावयाचे कोठून? हे काम कोणी मंत्री करणार नाही. ते गावातील कार्यकर्त्याने ग्रामपंचायतीत बसून करावयाचे आहे.

पाण्यासारखीच वाटेची गोष्ट. डोंगरातल्या वाडीला मोटाररस्ता नसतो, पायवाट असते. ती कोणाच्या तरी वरकसातून जाते, आणि जमीन गावच्या माणसाकडे होती तोवर कोणी कोणाला अडविले नाही. जमीन विकली गेली, आराखड्यात त्या जागी गुलाबाचा वाफा किंवा कारंजे आले, आणि वाट कुंपणाने संपली. ओहोळाचेही तेच: शोभेचे तळे करण्यासाठी तो वळविला की खालच्या खाचराचे पाणी तुटते. यावर १९०६ चा मामलतदार न्यायालय अधिनियम अजून जिवंत आहे. त्याच्या कलम ५ खाली वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडविला गेल्यास तहसीलदार अडथळा काढून टाकण्याचा हुकूम देऊ शकतो. मात्र सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. ही मुदत वाडीवर कोणाला ठाऊक नसते. ती ठाऊक करून देणे हे राजकीय कार्य आहे.

इंग्लंडमध्ये हे सारे अडीचशे वर्षांपूर्वी घडून गेले आहे. अठराव्या शतकात लॅन्सेलॉट ब्राउन नावाचा एक नामांकित उद्यानरचनाकार होता. जमीनदारांच्या वाड्यांभोवती तळी, हिरवळीचे उतार आणि झाडांचे पुंजके निर्माण करून त्याने ‘नैसर्गिक’ देखाव्याची एक शैलीच घडविली. डॉर्सेट परगण्यात जोसेफ डेमर नावाच्या उमरावाच्या प्रासादासमोर मिल्टन हे नांदते गाव होते. ते देखाव्याच्या आड येत होते, म्हणून ते पाडण्यात आले आणि १७८० च्या सुमारास काही अंतरावर, नजरेआड, नवे गाव वसविले गेले. आज पर्यटक त्या एकसारख्या झोपड्यांची छायाचित्रे घेतात. देखावा सुंदर झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्यांची घरे गेली त्यांना कोणी विचारले नव्हते. आपल्याकडे गाव पाडावे लागत नाही; वाट आणि पाणी तोडले की वाडी आपोआप उठते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. फार्महाउसने रोजगार दिला, माळ्याला, राखणदाराला, स्वयंपाकीणबाईला बारमाही पगार मिळाला, पावसाळा संपताच कुटुंबासह वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकऱ्याचे स्थलांतर काही घरांपुरते तरी थांबले, मुले शाळेत टिकली. हे खोटे नाही. जो कार्यकर्ता वाडीवर जाऊन ‘ही बंगलेवाल्यांची पिढी हटवा’ असे भाषण करील, त्याला वाडीतलीच माणसे हात जोडतील. म्हणून घोषणा पुरेशी नाही. प्रश्न असा विचारला पाहिजे की हा रोजगार कोणत्या अटींवर आहे? हजेरीची नोंद आहे काय, किमान वेतन आहे काय, साप्ताहिक सुटी आहे काय? बागेत औषध फवारताना हातमोजे कोण देतो? आणि ज्या खोलीत माळी राहतो ती मालकाची. नोकरी गेली की छप्पर गेले. स्वतःच्या वाडीतही त्याची स्थिती फार निराळी नाही. डॅनिएल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी २०१३ साली पुस्तकरूपाने मांडलेल्या अभ्यासात हेच दिसते की कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या खाजगी मालकीच्या जमिनीवर वसल्या आहेत आणि जमिनीचा भाव वाढला की त्यांच्यावर उठण्याची पाळी येते. ज्याच्या पायाखालची जमीन त्याची नाही, तो मजुरीसाठी घासाघीस करू शकत नाही. याच जिल्ह्यात, पूर्वीच्या कुलाब्यात, १९३३ ते १९३९ या काळात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. जमीनमालकाच्या मर्जीवर जगण्याची रीत मात्र नवे कपडे घालून परत येऊ पाहते आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता राहिली, आणि काही दिवसांनी शोध थांबविण्यात आला. ही दुर्घटना कोणा फार्महाउसमुळे घडली नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु त्या रात्री यंत्रे वर जाऊ शकली नाहीत, कारण वाडीला रस्ता नव्हता. बचावपथके भर पावसात पायवाटेने चढली. ज्या तालुक्यात शनिवारच्या पाहुण्याच्या फाटकापर्यंत डांबर पोहोचते त्याच तालुक्यात ठाकरांच्या वाडीपर्यंत ते पोहोचले नव्हते. विकासाचा आराखडा कोण काढतो आणि कोणासाठी काढतो, याचे याहून कठोर उत्तर कोणते असणार?

मग करावयाचे काय? चळवळीच्या हितचिंतकांपैकीही काहींची या भागात घरे आहेत, आणि सुरुवात त्यांच्यापासून होऊ शकते. उद्यानरचनाकार अवश्य नेमावा. परंतु कामाआधी त्याला पाच प्रश्न विचारावेत. एप्रिलमध्ये पाणी कोठून येणार? पावसाळ्यात ते कोठे मुरणार? या जमिनीतून पूर्वी कोणाची वाट होती? झाडे कोठून आणणार? आणि ती कोण, कोणत्या अटींवर जगविणार? हिरवळीऐवजी ऐन, किंजळ, करंज, बहावा, पांगारा, कुडा, मोह लावता येतात. दोन-तीन पावसाळ्यांनंतर त्यांना पाणी घालावे लागत नाही. आंध्रातील कडियमच्या रोपवाटिकांतून मालमोटारींनी पाम आणण्याचे कारण नाही. कुंपणाला कोनोकार्पस लावणाऱ्यांनी गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली हे ध्यानात घ्यावे. रानातील बी कोणत्या महिन्यात पिकते हे कातकरी आणि ठाकर स्त्रियांइतके कोणाला ठाऊक आहे? त्यांच्या सहकारी रोपवाटिका उभ्या राहिल्या तर याच बागांचा पैसा मजुरी म्हणून नव्हे, तर व्यवसायाचे उत्पन्न म्हणून वाडीत येईल.

कार्यकर्त्यांचे काम याहून कष्टाचे आहे. येत्या उन्हाळ्यापूर्वी प्रत्येक वाडीची विहीर, झरा आणि पायवाट यांची यादी करावी, ती ग्रामसभेत ठेवून ठरावात नोंदवावी आणि ठरावाची प्रत तहसीलदाराकडे द्यावी. माळी आणि राखणदार यांची तालुकावार संघटना बांधावी. ती मालकाविरुद्ध भांडण काढण्यासाठी नव्हे, तर हजेरी, वेतन आणि सुटी यांची लेखी नोंद मिळविण्यासाठी. वाडीखालच्या जमिनीचा हक्क हा त्यापुढचा, सर्वांत लांबचा लढा आहे. पण पहिल्या दोन कामांवाचून तो सुरूही होणार नाही.

२ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. माथेरानच्या या वकिलाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, हे सर्वांना आठवते. त्याआधी त्याने कर्जतच्या शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्यपेढ्या काढल्या होत्या, हे कमी आठवते. आज मनोरे पाडण्याची गरज नाही. वहीत विहिरींची नावे लिहीत वाडीवाडीने फिरण्याची गरज आहे.