अपुऱ्या विणकामाचा कैवार

हाती घेतलेले काम तडीस न्यावे, हा उपदेश आपणा सर्वांस पाटीवरील मुळाक्षरांबरोबरच मिळालेला असतो. आणि जो उपदेश इतक्या लहानपणी मिळतो तो कितपत खरा आहे हे पाहण्याची तसदी पुढे सहसा कोणी घेत नाही. मीही ती घेतली नव्हती. परंतु गेल्या दिवाळीनंतर आमच्या वन्सं चार दिवस तळोज्यास राहावयास आल्या, त्यांनी कपाटाचा खालचा खण उघडला, आणि त्या दिवसापासून या उपदेशाची उलटतपासणी करणे मला भाग पडले.

त्या खणात काय होते ते प्रथम कबूल करून टाकते. एक बिनबाह्यांचा स्वेटर, पाठ पुरी झालेला आणि पुढची बाजू काखेपर्यंत आलेला. एक शाल, नक्षीच्या चौथ्या आवर्तनापाशी थांबलेली. मोज्यांच्या दोन जोड्या, परंतु प्रत्येकीतला एकेकच मोजा विणून झालेला. तान्ह्या मुलाची एक कुंची. क्रोशाने विणावयास घेतलेला टेबलक्लॉथ. दोन टकळ्या, एकीवर पांढरी आणि दुसरीवर काळी लोकर अर्धवट कातलेली. आणि एक पेटीचरखा, ज्याच्या चातीवर सूत तसेच राहून गेले होते. वन्संनी एकेक जिन्नस काढून पलंगावर मांडला. नऊ भरले. मग त्या म्हणाल्या, “अगं, यातलं एक तरी पुरं करावं आणि मगच दुसऱ्याला हात घालावा. आणि या तळोज्याच्या घामट हवेत स्वेटर घालणार तरी कोण?”

वन्संचे हे मत त्यांच्या एकटीचे नाही. विणकामाची किंवा सूतकताईची हौस असणाऱ्या प्रत्येक बाईला (आणि हल्ली काही पुरुषांनाही) हे आरोपपत्र ऐकावे लागते, आणि त्याची कलमे सर्वत्र सारखीच असतात: हा आळस आहे, ही उधळपट्टी आहे, हा पसारा आहे. आरोपीने बहुधा ओशाळून हसावे आणि खण बंद करावा, अशी रीत आहे. ती रीत मोडून या ठिकाणी मी उत्तर देऊ इच्छिते.

आळसाचे कलम आधी घेऊ. हा आरोप करणाऱ्यांच्या मनात कामाचे जे चित्र असते ते रस्त्यासारखे असते: एका टोकाला आरंभ, दुसऱ्या टोकाला शेवट, आणि मधे थांबणे म्हणजे कुचराई. परंतु सूत आणि वीण यांचा स्वभाव असा नाही. एका वस्त्राला लागणारे सगळे सूत आधी कातून ठेवावे लागते, नाहीतर मार्गशीर्षातला धागा आणि वैशाखातला धागा यांची जाडी जुळत नाही. कातलेला एकपदरी धागा काही काळ तसाच ठेवावा, मग दोन पदर उलट पिळाने एकत्र पिळावेत, मग लडी करून ती पाण्यातून काढावी आणि वाळवावी, तेव्हा पीळ बसतो. आमच्याकडे आषाढात एक लडी नीट वाळावयास पुष्कळ दिवस लागतात. तेवढे दिवस कातणारणीने हात जोडून बसावे काय? ती बसत नाही. ती सुया हातात घेते. म्हणजे एक काम अपुरे राहिले आणि दुसरे सुरू झाले, आणि यात आळस कोठे आहे तो मला अद्याप दिसलेला नाही.

विणकामातही प्रत्येक कामाची वेळ निराळी असते. जाळीच्या नक्षीची शाल टाके मोजून विणावी लागते. तिला निवांत घर आणि दिवसाचा उजेड हवा. तळोजा पाचनंद स्टेशनावर दिवा-पनवेल गाडीची वाट पाहताना ती विणू गेले तर तीन टाके गळतील आणि रात्र ते उचलण्यात जाईल. तेथे साधा, सुलट टाक्यांचा मोजाच हवा. लोकर तर आमच्या कोकणपट्टीत वैशाखात बोटांना चिकटते. त्या दिवसांत सुती दोऱ्याचा क्रोशाच बरा. जिच्या पिशवीत एकच काम असते, तिचे ते काम त्याच्याजोगी वेळ मिळेपर्यंत थांबूनच राहते. जिच्यापाशी पाच असतात, तिच्या हाताला प्रत्येक वेळी काही ना काही पुढे नेता येते. एका वेळी एकच काम हा नियम पाळला असता तर माझ्या खणात नऊ अपुऱ्या वस्तूंऐवजी एकच अपुरी वस्तू निघाली असती, एवढाच काय तो फरक.

आणि ही रीत मी शोधून काढलेली नाही. माणदेशात मेंढ्यांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. धनगरांच्या बाया ती पिंजून कातत राहतात, आणि एका घोंगडीपुरते सूत साठले की ते सणगराच्या मागावर जाते. विणलेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लागते, मग ती उन्हात ताणून वाळते. कातलेले सूत साठत असताना त्या घरात शिरून “हे पुरे का करीत नाही?” असे कोणी विचारीत नाही. हातमागाच्या साऱ्या जगात एका विणकराला पुरेल इतके सूत पुरवावयास अनेक कातणारणी लागत आल्या आहेत. विलायतेत १७३३ साली धावता धोटा निघाला, माग अधिकच भरभर चालू लागला आणि सुताची इतकी टंचाई पडली की पुढे कातण्याची यंत्रे शोधावी लागली. धागा मागे आणि वीण पुढे, ही ओढाताण या कलेच्या मुळातच आहे.

आता उधळपट्टी. लोकरीच्या प्रत्येक गुंड्यावर रंगाच्या घाणीचा क्रमांक छापलेला असतो. एका घाणीची निळी लोकर दुसऱ्या घाणीच्या निळीशी तंतोतंत जुळत नाही; म्हणून संपूर्ण स्वेटरची लोकर एकदम घ्यावी लागते. यात साठेबाजी नाही, सावधगिरी आहे. परंतु खर्चाच्या मुद्द्याचा खरा जबाब याहून सरळ आहे. लुधियान्याच्या गिरण्यांतून आलेला तयार स्वेटर पुष्कळदा नुसत्या लोकरीच्या किमतीत मिळतो. तेव्हा वस्तू मिळविणे हाच जर हेतू असेल, तर वन्संनी मला स्वेटर पुरा करावयास सांगू नये, विणणेच बंद करावयास सांगावे. “विण, पण संपव” हे म्हणणे तर्काला धरून नाही. जी विणते ती विणण्यासाठी विणते. वस्त्र हे त्याचे चांगले फळ आहे, कारण नव्हे.

येथे माझ्यापुढे एक वजनदार साक्षीदार उभा केला जाईल. विनोबांचे जन्मगाव गागोदे हे आमच्या शेजारच्या पेण तालुक्यातले. वर्ध्याजवळ नालवाडीस त्यांनी सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग केला. त्या परंपरेत सूत मोजले जाई: चार फुटांची एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी. तेथे अर्धवट चातीला मान नव्हता, हे मला मान्य आहे. परंतु ते सूत देशाचे देणे म्हणून कातले जात होते, आणि देणे मोजलेच पाहिजे. तथापि तेवढ्या थोर कारणासाठीसुद्धा मोजमापाचा अनुभव काय आला? १९२४ च्या डिसेंबरात बेळगावास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि सभासदत्वासाठी महिना २,००० वार सुताची अट घालण्यात आली. आजारपणामुळे किंवा अनिच्छेमुळे जो कातणार नाही त्याने दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत द्यावे, अशी मुभाही होती. वर्ष पुरे होण्यापूर्वीच, १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्यास ती अट सैल करून चार आणे वर्गणीचा पर्याय ठेवावा लागला, आणि मनापासून कातणाऱ्यांसाठी चरखा संघ निराळा स्थापन झाला. यावरून मी इतकेच शिकते की वारावर मोजलेले सूत विकत आणून देता येते. कातण्याची गोडी तशी आणता येत नाही. देशकार्याच्या सुताला जी गोष्ट मानवली नाही, ती माझ्या हौसेच्या लोकरीवर कोणी लादू नये.

राहता राहिला पसारा; आणि या कलमात खरी गोम आहे. आमच्या घरी दिवाणखान्यातल्या कपाटात जी पुस्तके आहेत त्यांपैकी निम्म्यांत मध्यावर खुणेची पट्टी आहे. कित्येकांतली पट्टी वर्षानुवर्षे एका पानावरून हललेली नाही. येणारा जाणारा ते कपाट पाहून आमच्या यजमानांच्या व्यासंगाची तारीफ करतो. “आधी हे संपवा, मग दुसरे आणा” असे त्यांना आजवर कोणी म्हटलेले माझ्या ऐकिवात नाही. वाचकहो, आपल्या घरीही असे कपाट असेलच. अर्धवट वाचलेले पुस्तक हा व्यासंग आणि अर्धवट विणलेली शाल हा पसारा, हा न्याय कोणत्या स्मृतीत सांगितला आहे?

घराबाहेर पाहावे तर तेच. आम्ही तळोज्याचे लोक अपुऱ्या कामांतच राहतो. इमारतींच्या माथ्यावर उघड्या सळया वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या पाहतो. बेलापूरहून आमच्या शेजारी पेंधरपर्यंत येणाऱ्या मेट्रोचे काम २०११ साली सुरू झाले आणि १७ नोव्हेंबर २०२३ रोजी तीत उतारू बसले. अकरा किलोमीटरांस बारा वर्षे! त्या बारा वर्षांत आम्ही त्या कामाला ‘प्रगतिपथावर’ म्हणत आलो. मग माझी शाल तेवढी ‘पडून राहिलेली’ का?

याचे कारण माझ्या मते असे आहे. बाईने रिकामे बसणे आपल्या घरांत खपत नाही. हातात सुया असल्या तर मात्र खपते. विणकाम हा तिला बसावयास मिळालेला परवाना आहे, आणि पुरी झालेली वस्तू हे त्या बसण्याचे भाडे. भाडे थकले की मालक विचारणारच! होमरच्या काव्यातली पेनेलोपी दिवसा विणलेले वस्त्र रात्री उसवीत असे आणि अशा रीतीने तिने मागणी घालणाऱ्यांना तीन वर्षे दूर ठेवले. ते वस्त्र पुरे झाले असते तर तिचे स्वातंत्र्य संपले असते. तिच्याइतकी आणीबाणी माझ्यावर नाही. पण दुपारचा जो एक तास माझा म्हणून उरतो त्याचा हिशेब वस्तूंच्या रूपाने देण्यास मी बांधलेली नाही, एवढे तिच्याकडून मी घेते.

इतके म्हटल्यावर आपल्या पक्षाचे दोष झाकणे बरे नव्हे. हौशी मंडळींत एक खरे व्यसन आहे, आणि ते आरंभाचे. नवी लोकर, नवा रंग, नवी नक्षी. टाके घालण्यासारखे सुख नाही, आणि बाह्या जोडण्यासारखा कंटाळा नाही. दुकानदार आपल्याला लोकर विकत नाही, आरंभ विकतो. आणि घरी आणलेला आरंभ पुष्कळदा पिशवीतून बाहेरही निघत नाही. न घातलेल्या टाक्यांचा कैवार मी घेत नाही. दुसरा दोष याहून मोठा. ती कुंची मी माझ्या भाचीच्या बाळासाठी घेतली होती. तसे भाचीला कळविलेही होते. कुंचीचा धनी आता बालवाडीत जातो. स्वतःसाठी घेतलेले काम अपुरे ठेवण्याचा मला अधिकार आहे. ज्याचे वचन दिले ते काम मात्र ऋण आहे, आणि मुलाची वाढ माझ्या सवडीसाठी थांबत नाही. या एका कलमात मी दोषी आहे, आणि वन्संनी नेमके तेच कलम लावले नाही!

म्हणून मी माझ्यापुरते दोन नियम केले. वचनाचे काम हाती असेतो नवे वचन द्यावयाचे नाही. आणि दर दिवाळीस खण उपसून, जे काम पुन्हा हातात घ्यावेसे वाटत नाही ते उसवून टाकावयाचे. उसवणे म्हणजे पराभव, हीही एक खुळी समजूत आहे. उसवलेल्या लोकरीची लडी करावी, कोमट पाण्यातून काढावी, खाली थोडे वजन बांधून टांगावी. तिच्यातले वळ निघतात आणि ती पुन्हा कामाला येते. अपुऱ्या इमारतीचे असे होत नाही.

वन्सं जावयाच्या आदल्या दिवशी मी कुंची उसवली. लडीचा गुंडा करावयाचा तर समोर कोणीतरी दोन्ही हात पसरून लडी धरावी लागते. वन्संनी आपण होऊन धरली. तासभर आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो, काही तयार होत नव्हते, उलट होते ते नाहीसे होत होते. “आता याचं काय करणार?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “त्याच मुलाला टोपी. या थंडीच्या आत.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. टोपी वेळेवर पोचली. खणात आता आठ कामे आहेत, आणि त्यांची घाई करण्याचा माझा विचार नाही.