दाताला बॅकअप नाही

शरीरातली सगळ्यात कठीण गोष्ट कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण 'हाड' म्हणतात. खरं उत्तर आहे दातावरचं इनॅमल. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग निव्वळ खनिज असतो. या खनिजाचं नाव हायड्रॉक्सीॲपेटाइट. कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल यांचे बारीक स्फटिक त्यात दाटीवाटीने रचलेले असतात. आतल्या डेंटिनमध्ये खनिज सुमारे ७० टक्के, बाकी मुख्यतः कोलॅजन आणि पाणी. म्हणून ते थोडं लवचीक असतं आणि चावतानाचा दाब सोसतं.

पण एक अडचण आहे. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंतच असतात. हाड मोडलं तर सांधतं, इनॅमलचा टवका उडाला तर तो पुन्हा येत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, बॅकअप नाही!

मग ते आयुष्यभर पुरतं कसं? लाळेमुळे. गोड खाल्लं की तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की स्फटिकांतून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागतात. लाळ ते आम्ल शमवते आणि हीच खनिजं पुन्हा दाताला मिळवून देते. त्यासाठी तिला अर्धा-पाऊण तास तरी हवा. खड्डा पडला, की मात्र तो लाळेला भरता येत नाही.

म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे जास्त महत्त्वाचं. जेवणासोबत वाटीभर श्रीखंड एकदाच खाणं परवडतं. ऑफिसात दिवसभर गोड चहाचे घोट घेत राहणं दाताला जड जातं. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्री ब्रश केल्यावर मुलांना दुधाची बाटली नको. लिंबू सरबतानंतर चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने करा.

पेस्टमधलं फ्लोराइड स्फटिकात हायड्रॉक्सिलची जागा घेतं आणि तो भाग आम्लापुढे जास्त टिकतो. पण दात घडण्याच्या वयात ते जास्त पोटात गेलं तर दातांवर डाग पडतात. आपल्या हैदराबादशेजारच्या नलगोंड्यात विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडने हेच केलं. म्हणून तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पेस्ट वाटाण्याएवढीच द्या, आणि थुंकायला शिकवा.

दुधाचे दात पडून नवे येतात. त्यानंतरचा संच मात्र शेवटचा.