निष्ठुर नायकाची भुरळ

मुलांच्या हाती कोणते पुस्तक पडते याची चिंता आईबापांना पूर्वीही होती आणि आजही आहे. भेद एवढाच की, पूर्वी पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटातून घरी येत असे. आज ते सातासमुद्रांपलीकडून क्षणार्धात मुलीच्या मोबाईलवर उतरते. बेळगाव, मडगाव, इंदूर वा बडोदे येथील शाळकरी मुलगी आज जपानी चित्रकथा इंग्रजी भाषांतरातून आवडीने वाचू शकते. या चित्रकथांना ‘मांगा’ म्हणतात व त्यांपैकी मुलींसाठी लिहिलेल्या कथांना ‘शोजो मांगा’ असे नाव आहे. त्यांतील प्रेमकथांत एक पात्र वारंवार भेटते: देखणा, श्रीमंत, बुद्धिमान, आणि निर्दय तरुण. तो नायिकेचा चारचौघांत पाणउतारा करतो, तिला हुकूम सोडतो, तिच्या अश्रूंकडे पाहून हसतो. आणि तरीही वाचणाऱ्या मुलीचे मन त्याच्याकडेच धाव घेते. हे असे का व्हावे, आणि ख्रिस्ती कुटुंबाने याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, जपान आपणांस अगदीच परका नाही. संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमा बंदरात उतरले, तेव्हा त्यांच्यासमवेत आंजिरो नावाचा जपानी गृहस्थ होता व त्याचा स्नानसंस्कार १५४८ साली गोव्यातच झाला होता. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर प्राण अर्पण केले. ज्या भूमीत आपल्या माणसाचे रक्त सांडले, तेथील मुली काय वाचतात याकडे नाक मुरडून पाहणे आपणांस शोभणार नाही.

या कथांचा इतिहासही जाणण्यासारखा आहे. तेझुका ओसामु यांनी १९५३ साली ‘रिबोन नो किशी’ ही राजकन्येची कथा लिहिली व मुलींसाठीच्या दीर्घ चित्रकथेचा पाया घातला. १९६३ साली ‘मार्गारेट’ हे मुलींचे साप्ताहिक निघाले. पुढे १९७०च्या दशकात, १९४९च्या आसपास जन्मलेल्या हागिओ मोतो, ताकेमिया केइको प्रभृती लेखिकांनी हे क्षेत्र पुरुषांच्या हातून जवळजवळ पूर्णपणे आपल्या हाती घेतले. तेव्हा हा निष्ठुर नायक कोणा पुरुषाने मुलींवर लादलेला नाही. बहुतांशी तो स्त्रियांनीच मुलींसाठी निर्माण केला आहे; आणि वाचकांची मते पत्रिकेतील टपालकार्डांद्वारे मागवून कोणती कथा चालू ठेवावी हे ठरविण्याची तिकडे रीत असल्यामुळे, मुलींनीच त्याला जगविले आहे, असेही म्हणावे लागेल.

या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध कथा म्हणजे कामिओ योको यांची ‘हाना योरी दांगो’. ती १९९२ पासून सुमारे अकरा वर्षे ‘मार्गारेट’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली व १९९६ साली तिला शोगाकुकान पारितोषिक मिळाले. पुढे तिच्यावर तैवानात २००१ मध्ये, जपानात २००५ मध्ये व कोरियात २००९ मध्ये दूरदर्शन-मालिका निघाल्या. ‘फुलांपेक्षा लाडू बरे’ अशा अर्थाची एक जपानी म्हण आहे. आपल्या ‘आधी पोटोबा मग विठोबा’ या म्हणीची ती बहीणच. शीर्षकात तिच्यावर कोटी केली आहे. कथेची नायिका माकिनो त्सुकुशी ही बेताच्या परिस्थितीतील मुलगी एका श्रीमंतांच्या शाळेत शिकते. तेथे चार धनिकपुत्रांची सत्ता चालते. ज्याच्या कपाटात ते लाल चिठ्ठी लावतील त्याचा सर्व शाळेने छळ करावा, असा त्यांचा दंडक. मैत्रिणीची बाजू घेतल्यामुळे त्सुकुशीला ही चिठ्ठी मिळते. ती नमत नाही. चौघांचा म्होरक्या दोम्योजी त्सुकासा याच्यावर उलट हात टाकते. तेव्हापासून तो तिच्यावर आसक्त होतो. तथापि ही आसक्ती प्रारंभी कोणत्या रूपाने प्रकट होते? तो तिला दमदाटी करतो, संतापाच्या भरात एकदा तर बळजबरीही करू पाहतो. हळूहळू कळते की, आईबापांच्या मायेवाचून तो वाढला आहे. आणि वाचणारी मुलगी त्याला क्षमा करून मोकळी होते.

तादा काओरु यांच्या ‘इताझुरा ना किस’ या १९९० साली सुरू झालेल्या कथेत नायक मारहाण करीत नाही. तो फक्त थंड आहे. नायिकेने भीत भीत दिलेले पत्र तो हाती घेण्याचेही नाकारतो. हात्ता आयुको यांच्या २०११ ते २०१६ या काळातील ‘ओकामी शोजो तो कुरो ओजी’ या कथेत मजल पुढे गेली आहे. मैत्रिणींपुढे मिरविण्यासाठी आपल्याला प्रियकर आहे अशी थाप नायिका मारते. ती निभावून नेण्यास एक रूपवान मुलगा कबूल होतो, परंतु मोबदल्यात तिने आपले कुत्रे होऊन राहावे, अशी अट घालतो. जगापुढे तो राजपुत्र असतो. तिच्यापुढे मात्र धनी.

जपानी भाषेत अशा नायकाला ‘ओरे-सामा’ असा शब्द आहे. ‘ओरे’ म्हणजे ‘मी’, तोही रांगडा, पुरुषी ‘मी’. ‘सामा’ हा आदराचा प्रत्यय. तो नेहमी दुसऱ्याच्या नावापुढे लावावयाचा असतो. जपानी कॅथॉलिक प्रार्थनेत ‘मारिया-सामा’ म्हणतात व देवाला ‘कामि-सामा’ म्हणतात. जो मान देवाला व पवित्र मातेला द्यावयाचा, तो या तरुणाने स्वतःच्या ‘मी’ला लावून घेतला! गर्व हे सर्व पापांचे मूळ, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. जपानी भाषेने तो पाठ एका शब्दात साठविला आहे. दुसरा शब्द ‘काबे-दोन’. ‘काबे’ म्हणजे भिंत, ‘दोन’ हा आदळण्याचा आवाज. नायिका भिंतीशी उभी असता नायक तिच्या कानाशी भिंतीवर हात आपटून तिची वाट अडवितो, त्या प्रसंगाचे हे नाव. पूर्वी हा शब्द गोंगाट करणाऱ्या शेजाऱ्याची भिंत ठोठावण्यासाठी वापरीत. २०१४ साली मात्र त्या वर्षाच्या गाजलेल्या दहा शब्दांत तो प्रेमाच्या अर्थाने निवडला गेला. वाट अडविणे हे प्रेमाचे लक्षण ठरले, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी खचित नाही.

परंतु एवढ्यावरून जपानला दोष देऊ नये. १८४७ साली इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या ‘जेन आयर’ कादंबरीतील रॉचेस्टर याच कुळातला, आणि ती तर एका धर्मोपदेशकाच्या कन्येने लिहिली. या भुरळीची कारणे मनुष्यस्वभावातच आहेत. पहिले कारण असे की, जो सर्वांशी कठोर आहे तो एकीशीच मृदू झाला, तर त्या एकीला आपण निवडलेली आहोत असे वाटते. गर्दीत आपणांस कोणी ओळखत नाही असे दुःख वाटण्याच्या वयात ही कल्पना फार गोड लागते. दुसरे कारण करुणा. निष्ठुरपणाच्या तळाशी एखादी जखम असेल व ती आपण बरी करू, ही आशा स्त्रीहृदयात सहज उपजते, आणि ती मुळात वाईट नाही. रुग्णसेवेला वाहून घेणाऱ्या कित्येक धर्मभगिनी तिच्याच बळावर उभ्या आहेत. तिसरे कारण असे की, पुस्तकातील भय सुरक्षित असते. छातीत धडधडते, पण पुस्तक मिटले की वाचणारी आपल्या घरात, आपल्या आईजवळ असते.

तर मग बिघडते कोठे? कथेत लेखिका ही नायकाची जामीन असते. शेवटच्या भागापर्यंत तो सुधारेल, याची हमी तिने आपल्या लेखणीने दिलेली असते. शिवाय नायकाचे अंतरंग ती वाचकाला उघडून दाखविते. तो रात्री एकटा बसून पश्चात्ताप करतो, हे चित्र आपण पाहतो. प्रत्यक्ष जीवनात असा जामीन कोणी राहत नाही. अपमान करणाऱ्या तरुणाच्या मनात काय चालले आहे हे कोणी चित्र काढून दाखवीत नाही; त्याच्या मनात कदाचित काहीच नसते. हा जामीन नसलेला व्यवहार एखाद्या कोवळ्या मुलीने जामीन आहे असे समजून केला, तर तिचे आयुष्य पणाला लागते.

येथे एखादी वृद्ध वाचकभगिनी विचारील, “अहो, संत मोनिकांनी तापट पतीला सहनशीलतेने जिंकले नाही काय? कॅशियाच्या संत रिटांनी रागीट पतीचे मन पालटले नाही काय?” प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देता कामा नये. परंपरा सांगते ते खरे. परंतु या दोन्ही साध्वींनी आपला पती त्याच्या क्रौर्यावर भाळून निवडला नव्हता. त्या काळच्या रीतीप्रमाणे तो त्यांच्या वाट्याला आला. जे दुःख वाट्याला आले ते त्यांनी प्रभूच्या साह्याने सोसले. दुःख मुद्दाम शोधून आणा, असा उपदेश त्यांनी कोणास केला नाही. आणि पतीचे मनपरिवर्तन हे देवाच्या कृपेचे व त्या पुरुषाच्या स्वतःच्या होकाराचे फळ होते. कृपा ही देणगी असते. तिच्यावर कोणी विवाहाचा हिशेब मांडू नये.

याच संदर्भात जपानच्याच एका ख्रिस्ती स्त्रीचे स्मरण होते. होसोकावा ग्रासिया ही आकेची मित्सुहिदे या सरदाराची कन्या. १५६३ साली तिचा जन्म झाला व १५७८ साली होसोकावा तादाओकी या तरुण सरदाराशी विवाह झाला. पती शूर होता, काव्यकलेचा व चहाविधीचा जाणकार होता, आणि स्वभावाने तापट व संशयी होता. चित्रकथेतील नायकास लागणारे सर्व गुण त्याच्या ठायी होते, असे म्हणावयास हरकत नाही. १५८७ साली, पतीच्या गैरहजेरीत, ओसाका येथे तिने गुपचूप स्नानसंस्कार घेतला. घरातील जाच असह्य होऊन पतीपासून विभक्त होण्याचा विचार तिने धर्मगुरूंना कळविला होता. त्यांनी तिला धीर धरण्यास सांगितले, हे त्या काळच्या जेझुइट पत्रव्यवहारावरून समजते. १६०० साली शत्रूने तिला ओलीस धरण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पतीने आगाऊ दिलेल्या आज्ञेप्रमाणे पदरच्या सेवकाने तिचा अंत केला. तिच्या श्रद्धेपुढे आपण आदराने मान लववितो. पण तिच्या चरित्राला सुखान्त लिहिणारी लेखिका लाभली नाही, हेही विसरता येत नाही.

आज ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत स्पष्ट शब्दांत उपलब्ध आहे. १९८३च्या धर्मविधानसंहितेतील ११५३व्या कलमानुसार, एका जोडीदारापासून दुसऱ्याच्या वा मुलांच्या शरीरास अथवा आत्म्यास गंभीर धोका असेल, तर विभक्त राहण्यास योग्य कारण आहे. आणि विलंबात धोका असेल तर बिशपांच्या निर्णयाची वाट न पाहताही घर सोडता येते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात सांगितले आहे की, अशा छळात विभक्त होणे कधी कधी नैतिक दृष्ट्याही आवश्यक ठरते. जपानने २००१ साली व आपल्या देशाने २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा केला. सोसत राहणे म्हणजेच साधुत्व, असे आपल्या लेकींना शिकविण्याचे दिवस संपले आहेत, हे प्रत्येक आईने मनात पक्के धरावे.

मग ही पुस्तके हिसकावून घ्यावीत काय? आमच्या मते नाही. हिसकावलेले पुस्तक दुप्पट गोड लागते. त्यापेक्षा आईने एखादी कथा मुलीजवळ बसून वाचावी आणि सहज दोन-तीन प्रश्न विचारावेत. हा मुलगा गरीब व कुरूप असता, तर त्याचे हेच वागणे तुला आवडले असते काय? तुझ्या धाकट्या बहिणीशी कोणी असे वागले, तर तू काय म्हणशील? त्याने कधी मनापासून क्षमा मागितली काय, की नुसती महागडी भेट दिली? उत्तर मुलीने द्यावे. आईने घाई करू नये. संत पौलांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय लग्नाच्या मिस्सेत आपण पुष्कळदा ऐकतो. प्रीती कशी असते व कशी नसते याची तेथे जी यादी आहे, ती एकदा या नायकास लावून पाहावी. मुली आपण समजतो त्याहून शहाण्या असतात.

आणखी एक गोष्ट आईबापांना ठाऊक असावी. त्याच जपानात, त्याच पत्रिकांतून, सौम्य नायकांच्या कथाही मोठ्या आवडीने वाचल्या गेल्या. शिइना कारुहो यांच्या ‘किमि नि तोदोके’ या कथेतील नायक, जिला सर्व वर्ग भितो अशा एकाकी मुलीशी आदराने व मोकळेपणाने बोलतो. २००८ साली या कथेला कोदान्शा पारितोषिक मिळाले. ‘ओरे मोनोगातारी’ या कथेतील धिप्पाड, ओबडधोबड नायक तर रूपाने कोणाच्याही स्वप्नात यावा असा नाही. पण आगगाडीत त्रास सोसणाऱ्या अनोळखी मुलीच्या मदतीला तो धावतो, आणि तेथूनच कथा सुरू होते. चांगुलपणा कंटाळवाणा असतो, हा समज या दोन कथांनी खोटा ठरविला आहे. मुलीला वाचण्यास काही सुचवावयाचे असेल, तर या कथांपासून आरंभ करावा, आणि तिने वाचून झाल्यावर आपणही त्या चाळून पाहाव्यात.

शेवटी बापांनाही एक विनंती. मुलीच्या मनातील पुरुषाचे पहिले चित्र पुस्तकातून येत नाही, ते घरातून येते. जेवणाच्या ताटावरून बायकोवर ओरडणाऱ्या बापाच्या मुलीला कठोर शब्द प्रेमाचेच वाटू लागले, तर त्यात नवल ते काय? ज्या घरी बाप आईशी गोड बोलतो व चुकले तर मुलांदेखत क्षमा मागतो, त्या घरच्या मुलीला निष्ठुर नायक पुस्तकात कितीही आवडो, दारात आलेला तिला ओळखू येईल.