दाढीचा साबण घरी करताय? लिंबाचं तेल टाळा

बाजारातला तयार साबणाचा ठोकळा वितळवायचा, रंग-सुगंध घालून साच्यात ओतायचा. हौसेला माझी ना नाही. पण दाढी करताना त्वचेवर न दिसणारे बारीक ओरखडे पडतात. साबणातल्या वाळलेल्या पाकळ्या, चमकी तिथेच घासली जाते आणि सुगंधी द्रव्यांना आत शिरायला वाट मिळते. खाज, पुरळ येते ती त्यातूनच. लिंबाच्या सालीचं तेल तर नकोच. ते त्वचेवर राहिलं आणि ऊन लागलं, तर त्वचा भाजल्यासारखी होते, मागे काळे डाग उरतात. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला मी काय सांगू! सजावट अंघोळीच्या साबणावर करा. दाढीचा मात्र बिनरंगाचा, बिनवासाचाच ओता. आग झाली तर तो साबण लगेच थांबवा; वर तुरटी घासत बसू नका.