दहा सेकंद थांबा

नगरच्या कापड बाजारात आमच्या दुल्हाभाईंचं छोटं दुकान आहे. उधारीची वही आता कॉम्प्युटरवर आली. भाची कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. प्रोग्राम तिनेच लिहिला आणि डॉकरच्या कंटेनरमध्ये बसवला. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र ठेवलेली बंद खोली समजा. रात्री तो बंद करायची कमांड तिने कागदावर लिहून गल्ल्याशेजारी चिकटवली होती : 'डॉकर किल हिसाब'. क्षणात बंद होतं, म्हणून अब्बा खूश.

ईदच्या आधीच्या गर्दीत एके सकाळी आदल्या रात्रीच्या शेवटच्या नोंदी दिसेनात. उधारीच्या रकमा दुल्हाभाईंना तोंडपाठ होत्या. पण एका बाईंनी चुकते केलेले पैसेही नोंदीतून गेले आणि त्यांच्याकडे पुन्हा मागणी झाली. त्या काही बोलल्या नाहीत. त्यानंतर दुकानात आल्याही नाहीत.

भाची रडवेली होऊन म्हणाली, "मामू, चूक माझी आहे." तिचा प्रोग्राम नोंदी आधी मेमरीत ठेवायचा आणि थोड्या थोड्या वेळाने फाइलमध्ये उतरवायचा. 'डॉकर किल' काही वेगळं सांगितलं नाही तर ९ नंबरचा सिग्नल पाठवतं. तो प्रोग्रामला ऐकूच येत नाही, थेट गळाच धरतो. 'डॉकर स्टॉप' आधी १५ नंबरचा सिग्नल देतं, म्हणजे 'आवरा आता'. मग साधारणपणे १० सेकंद वाट पाहतं आणि तरीही प्रोग्राम चालूच असेल तर ९ नंबर. गंमत म्हणजे लिनक्सची साधी 'किल' कमांड १५ नंबरच पाठवते. नाव तेच, स्वभाव वेगळा!

कागद बदलला, तरी नोंदी जायच्याच. आता बंद व्हायला दर वेळी बरोबर १० सेकंद लागत आणि शेवटी कोड यायचा १३७, म्हणजे १२८ अधिक ९. तिथे तिला उमगलं : निरोप पोहोचतच नव्हता. कंटेनरमध्ये पहिल्या नंबरवर प्रोग्राम नव्हता, त्याला सुरू करणारी शेल स्क्रिप्ट होती. डॉकर निरोप पहिल्या नंबरलाच देतं आणि ही शेल तो पुढे सांगत नव्हती. दारातल्या माणसाने चिठ्ठी घेऊन खिशात घालावी, तसं. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रामच्या आधी 'एक्झेक' हा एक शब्द घातला, की शेल आपली जागा प्रोग्रामला देते. मग प्रोग्रामला निरोप मिळाला, उरलेल्या नोंदी त्याने लिहिल्या आणि एका सेकंदात तो बंद झाला. आवरायला जास्त वेळ लागणारा प्रोग्राम असेल, तर 'डॉकर स्टॉप'ला 'वजा टी ३०' जोडून मुदत वाढवता येते.

मी म्हटलं, "आणि वीज गेली तर?" नगरमध्ये हा प्रश्न विचारावाच लागतो. वीज काही १५ नंबर देऊन जात नाही. भाची गप्प झाली. त्या आठवड्यात तिने प्रोग्राम पुन्हा उघडला. आता प्रत्येक नोंद त्याच क्षणी डेटाबेसमध्ये पक्की होते.

त्या बाईंच्या घरी दुल्हाभाई स्वतः जाऊन आले, भाचीला बरोबर घेऊन.